गाडीची ओटी

आमच्या बिऱ्हाडाला दोन खोल्या होत्या. मोठी गाडीची, धाकटी आमची. मधल्या भिंतीला प्लास्टर नव्हतं आणि तिला मुठीएवढं एक भोक होतं. ते बाबांनी मुद्दाम ठेवलेलं. त्या भोकातून पेट्रोलचा आणि जुन्या चामड्याचा वास यायचा. बाबा त्या भोकाकडे डोकं करून झोपायचे आणि आयेकडे पाय. मला वाटायचं सगळ्यांचे बाप असेच झोपतात.

जागा अंधेरी पूर्वेला, दगडाच्या खाणीच्या खाली. मालक होते ते शेठ. पिक्चरवाल्यांना लागेल ते भाड्याने द्यायचा त्यांचा धंदा. झुंबरं, लाकडी तोफा, बग्ग्या, सिंहासनं असला सगळा पसारा त्या गोडाऊनमध्ये भरलेला असायचा, आणि मागच्या बाजूला ही गाडी. दिवसभर खाणीत क्रशर खडखडायचा, डोक्यावरून विमानं जायची, आणि बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागायचं. त्यामुळे आमच्या घरात गोड बोलणं कधी जमलंच नाही. असं आपलं मी म्हणतो. खरं तर क्रशर बंद असायचा तेव्हाही जमत नव्हतं.

गाडीची ऐट काय सांगू. पावसात आमचं छप्पर गळायला लागलं की बाबा आमच्यावरची ताडपत्री काढून पलीकडे गाडीवर घालायचे, आणि आये टोप, परात, डबे मांडून बसायची. बाजारातून आणलेली चिंच आधी गाडीच्या पितळी दिव्यांना लागायची. उरली तर कालवणात. बहुतेक वेळा उरायची नाही, मग बांगड्याचं कालवण कोकमावर भागायचं. पुसायला बाबांना मऊ कापड लागायचं, म्हणजे आयेची लुगडी. एखादं लुगडं धुऊन धुऊन अंगाला सुखाचं लागायला लागलं की बाबा ते फाडायचे. आये म्हणायची, "माज्या अंगावरून उतरला की तिच्या अंगावर चढता. सवत बरी, ती निदान आपली लुगडी घेवन येता."

त्या गाडीचा इतिहास बाबा दर दसऱ्याला सांगायचे. झेंडूचं तोरण बांधून झालं, चाकाखाली लिंबू ठेवून झालं, की ओट्यावर बसायचे आणि सुरू. ती विलायतेहून बोटीने आली. कंपनीने तसल्या गाड्या मोजून चार-सहाच बनवल्या होत्या आणि तिचा पत्रा हाताने ठोकलेला होता. कंपनीचं नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही, मी सातवी नापास माणूस. आमच्याकडच्या एका छोट्या संस्थानच्या राजेसाहेबांनी ती लांबच्या प्रवासासाठी आणि शिकारीसाठी मागवली होती. कापडी छप्पर मागे पडायचं. दाराला बंदुका अडकवायची सोय. मागच्या सीटसमोर एक कपाट, त्यात चांदीचे पेले. राणीसाहेबांसाठी बाजूने पडदे. आणि भोंगा म्हणजे पितळेचा साप, बोनेटच्या कडेने वळत पुढे गेलेला, आ वासलेला. त्याचा रबरी फुगा दाबला की म्हशीसारखा हंबरायचा.

माझे आजोबा त्या गाडीचे क्लीनर. एकदा दिव्यावर त्यांच्या बोटाचा ठसा राहिला म्हणून राजेसाहेबांनी त्यांना सगळ्यांदेखत लाथ मारली. ही गोष्ट बाबा हसत हसत सांगायचे. शेवटी म्हणायचे, "लाथ मारल्यानी, पण बूट विलायती होतो हां." आम्हीही हसायचो.

संस्थान गेलं. राजेसाहेबांनी आधी हत्ती विकला, मग घोडे, मग चांदीचे पेले, मग गाडी. गाडीबरोबर जॅक, हँडल, दोन जादा टायर आणि एक ड्रायव्हर गेला. ड्रायव्हर म्हणजे बाबा. घाटकोपरच्या एका लाकूडवाल्याने ती लग्नाच्या वरातींसाठी घेतली. गिअरबॉक्स बसला तेव्हा वखारीत टाकून दिली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायला लागल्या. बाबा त्या वखारीतच लाकडं उचलायचे आणि गाडीखाली झोपायचे. तिथून शेठने ती भंगारात घेतली, आणि बाबांनाही. बाबांनी ट्रकचे दाते घासून घासून तिच्यात बसवले आणि ती चालू केली. मग पिक्चरमध्ये जमीनदार, व्हिलन, नवाब, जो येईल तो तिच्यात बसला.

आये कधी बसली नाही.

तेवढंच एक तिला पाहिजे होतं. दागिना नको, गावाला जायला नको. "माका एकदा गाडयेत बसूक व्हया, मागच्या सीटवर," एवढंच ती म्हणायची. लग्न होऊन ती मुंबईला आली तेव्हा बाबांनी तिला स्टेशनवरून चालवत आणली, डोक्यावर ट्रंक देऊन, आणि गाडी शेडमध्ये पुसून ठेवलेली होती. मासे साफ करताना हे ती मला सांगायची आणि खवल्यांवर जरा जास्तच जोर काढायची. बाबांचं उत्तर ठरलेलं. "राणीसाहेब बसलेली जागा ती. थंय तू बसतलंस?" कोंबड्या बसल्या होत्या त्याचं काही नाही.

माझं वय तेव्हा अठरा-एकोणीस असेल. मी मरोळला एका गॅरेजात कामाला होतो आणि गाडीचं शूटिंग असलं की सुट्टी घेऊन बाबांबरोबर जायचो. कारण गाडीचा ब्रेक धरायचा नाही. मला पुढच्या सीटच्या खाली, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा, बसून हँडब्रेक ओढावा लागायचा. बाबा पायाने माझ्या खांद्याला ढोसायचे, की मी ओढायचा. त्या वर्षी शेठ एका पिक्चरवाल्यांना घेऊन आले. आमच्याच मागच्या खाणीत शेवटची मारामारी घ्यायची होती. हिरोची आई गाडीतून पळते, गुंड पाठलाग करतात, गाडी उतारावरून खाली जाते. शेठ बाबांना बाजूला घेऊन बराच वेळ बोलले. बाबा घरी आले ते जेवले नाहीत. आयेने विचारलं तर म्हणाले, "काय नाय. फक्त धूर काढतले."

पिक्चरवाल्यांबरोबर एक बुटका असिस्टंट होता. आईचं काम करणारी बाई लांबच्या शॉटसाठी उन्हात यायला तयार नव्हती. आये पाण्याची कळशी घेऊन समोरून गेली तशी त्याची नजर तिच्यावर पडली. "अरे ये अम्मा चलेगी. पीठ ही तो दिखनी है. अम्मा, गाड़ी में बैठोगी?"

आयेने कळशी खाली ठेवली आणि बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "बसात ती."

तिचा तो आनंद मला आजही आठवतो. ट्रंकेतून तिने लग्नातला शालू काढला. डाळिंबी रंगाचा, डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारा. घडीवर चिरला होता, तो तिने आतून दोरा घालून धरला. ड्रेसवाल्याने पांढरी साडी दिली होती, ती हिने परत पाठवली. शालू बघून तो म्हणाला, "चलेगा, कैमरे में अच्छा लगेगा." सकाळी डोक्यावर तेल चोपडून, अबोलीचा वळेसार माळून ती दारात उभी राहिली. शेजारच्या नाईकांची बायको म्हणाली, "काय गो परबीण, हीरोईन झालंस?"

"हीरोईन नाय गो," आये म्हणाली. "राणीसाहेब."

खाणीत गाडी उभी होती. बाबांनी ती इतकी पुसली होती की तिच्यात आभाळ दिसत होतं. मग त्यांनी पिशवीतून तांदूळ काढले, नारळ, विड्याची पानं, सुपारी, हळदकुंकू. ते सगळं मागच्या सीटवर मांडलं. ओटी भरतात तसं. आये माझ्या कानाशी लागली, "बग रे, तुज्या बापाशीन माजी ओटी भरल्यान." ओटी बायका भरतात, नवरा नाही. पण घरात दुसरी बाईमाणूस नव्हती म्हणून आयेने ते वावगं धरलं नाही. तिचे डोळे भरून आले होते. मग बाबांनी टोपी काढून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेक भायर सरता हा, तिच्या वाटेत काय आडवा येयत तर तू पाठीशी ऱ्हव रे म्हाराजा..." गावाला गाऱ्हाण्याच्या प्रत्येक ओळीला लोक "व्हय म्हाराजा" म्हणतात. इथे लाइटवाल्यांत एक आपला मराठी होता. त्याने गंमत म्हणून "व्हय म्हाराजा!" ठोकलं. मग सगळे लागले. मारामारीवाले, मेकअपवाले, जनरेटरवाला, सगळे बोंबलायला लागले, "व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा!" आणि पोट धरून हसायला लागले. बाबांना कळलंच नाही. त्यांना वाटलं, साथ देताहेत. त्यांनी आवाज चढवला.

आये बसली. हळूच, आधी हात टेकून, मग अंग सोडून. मी हँडल मारलं आणि माझ्या जागी खाली शिरलो. गाडी खाणीच्या कडेने निघाली. वर काय दिसत होतं ते मला माहीत नाही, मला फक्त बाबांचे पाय दिसत होते आणि मागून आयेच्या बांगड्या ऐकू येत होत्या. ती एकटीच बारीक आवाजात हसत होती, लहान मुलीसारखी. तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. वळणावर नारळ घरंगळायला लागला असावा. तिने तो उचलून मांडीवर घेतला. बाबांना आरशात दिसलं.

"नारळ खाली ठेव," बाबा म्हणाले. "तो तुजो न्हय."

"मगे कोणाचो?"

बाबांनी सापाचा फुगा दाबला. गाडी हंबरली. मग आयेच्या बांगड्या वाजल्या नाहीत. माझ्या खांद्याला लाथ बसली, मी ब्रेक ओढला. वरून कोणीतरी ओरडलं, "कट! अम्मा को उतारो."

तेवढीच ती बसली.

मग तो असिस्टंट आला. पुढच्या शॉटला गाडी उतारावरून सोडायची, तिच्यात माणूस नको, पेंढ्याचा पुतळा बसवायचा. "अम्मा, साड़ी दो. पुतले को पहनानी है." आयेने बाबांकडे पाहिलं. बाबा गाडीच्या दिव्याकडे बघत म्हणाले, "काढून दी."

"सांजेक गावतली मा?"

"गावतली."

जनरेटरच्या गाडीआड तिने शालू सोडला. नेसायला काही द्या म्हटल्यावर ड्रेसवाल्याने तिच्याकडे नाचणाऱ्या पोरींचा चमकीचा झगा फेकला. ती तो घालून बाहेर आली, दोन्ही हात छातीवर धरून. पुन्हा हशा. कोणीतरी शिटी मारली. मी माझा शर्ट काढून तिच्या खांद्यावर टाकला. त्यावरही हसले. तुम्ही म्हणाल, तू अठरा वर्षांचा घोडा, एकाचं थोबाड का नाही फोडलंस? फोडलं असतं. पण तेवढ्यात मला हाक आली, "ए ड्रायव्हर का लड़का, पुतला उठा."

मडक्याचं डोकं, त्यावर केसांचा टोप, आत पेंढा, वर आयेचा शालू, त्याला अजून तिच्या तेलाचा वास. तो मी दोन्ही हातांवर घेतला आणि मागच्या सीटवर ठेवला. पेंढा हलका असतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण मला तो जड लागला. बाबा दुसऱ्या बाजूने आले. त्यांनी पुतळ्याचा पदर डोक्यावरून नीट घेतला. मांडीत तांदूळ घातले. नारळ ठेवला. कपाळावर, म्हणजे मडक्यावर, कुंकू लावलं. तोवर दोन माणसं डबे घेऊन आली आणि गाडीवर ओतायला लागली.

"बाबा, पेट्रोल ओततत!" मी ओरडलो. "धूर म्हणालात ना!"

"बाजूक हो," बाबा म्हणाले आणि त्यांनी टोपी काढली.

गाडी उतारावरून सुटली. अर्ध्यात गेली आणि पेटली. आधी कापडी छप्पर गेलं. मग शालू एकदम फुलला, खरंच फुलल्यासारखा, आणि काळा झाला. आत ती बसलेली दिसत होती, नारळ मांडीवर घेऊन, सरळ. मी मान वळवून बघितलं, खरी आये माझ्या मागे आहे की नाही ते. होती. झगा घालून उभी होती. मग तळाला जाऊन गाडी फुटली, आणि रबरी फुगा जळताना तो साप एकदा शेवटचा हंबरला. डायरेक्टर ओरडला, "एक टेक में ओके!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेठनेही. नव्या पोरांनो, आज असली गाडी कोणाकडे असली तर काचेत ठेवतात म्हणे. तेव्हा तिची किंमत एका शॉटाएवढी.

घरी आलो तर बाबा सरळ नळावर गेले. अंगावरच्या कपड्यानिशी नळाखाली बसले, डोक्यावरून पाणी घेतलं. मयताला जाऊन आलेला माणूस घेतो तसं. आये दारात उभी होती.

"कोणाची आंघोळ केलात?"

"गाडयेची."

"लुगडा माजा जळला, नि सुतक गाडयेचा?"

बाबांच्या अंगावरून पाणी निथळत होतं.

"तुमका म्हायत होता," आये म्हणाली. आवाज चढला नाही. त्या दिवशी क्रशर बंद होता, सगळं स्वच्छ ऐकू आलं. "जाळतले ता म्हायत होता तुमका."

"शेठान सांगितल्यान माका."

"मगे शालू कित्याक दिलात?"

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं एवढं साधं हिला कसं कळत नाही. "तिका रिकामी कशी धाडू? घरातली सवाष्ण भायर काढताना रिकामी काढतत? ओटी भरूक होयी. नेसूक चांगला होया. तुज्याकडे दुसरा काय होता?"

आये रडली नाही. आत गेली, झगा काढला, घरातलं लुगडं नेसली, पेज चढवली. मग तो चमकीचा झगा गुंडाळून तिने भिंतीच्या भोकात कोंबला. पलीकडची खोली आता रिकामी होती, त्या भोकातून नुसता वारा येत होता.

बाबांनी सुतक पाळलं. जमिनीवर झोपले, मिशी काढली, अळणी खाल्लं. दहाव्याला खाणीच्या कडेला भाताचा गोळा ठेवला. माणसांच्या पिंडाला कावळा तासन्‌तास शिवत नाही, वरून बघत बसतो. गाडीच्या गोळ्यावर मात्र कावळ्यांनी झडप घातली. इच्छाच काही राहिली नव्हती तिची, सगळं घेऊन गेली होती.

अकराव्या दिवशी बाबा ताटावर बसले. पहिला घास घेतला आणि वर बघितलं. कालवणात मीठ नव्हतं.

"सुतक फिटला," बाबा म्हणाले.

"तुमचा फिटला," आये म्हणाली. "माजा नाय."

तेव्हापासून तिने त्यांना अळणीच वाढलं. आमच्या कालवणात मीठ, त्यांचं आधी वेगळं काढलेलं. एका घरात, एका चुलीवर, वर्षानुवर्षं. मिठाची बरणी फळीवर समोर असायची. बाबांनी ती कधी खाली घेतली नाही. मागितलंही नाही. मी एकदा आयेला म्हणालो, आता पुरे गो. ती म्हणाली, "तू पुतळो उचललंस, तुका काय म्हायत? मी आतमधे होतंय."

पिक्चर लागला तेव्हा मी पाहून आलो. गाडी जळते ती आहे. आये बसून जाते तो तुकडा कापून टाकलेला. पाठ सुद्धा ठेवली नाही तिची.

पुढे माझं लग्न झालं. सुलू भांडुपची, बडबडी, तिला यातलं काही माहीत नाही. पहिल्याच दिवशी तिने स्वयंपाक केला आणि सगळ्यांना सारखंच वाढलं. बाबांनी घास घेतला आणि थांबले. जिभेवर मीठ लागलं तसं त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ताटात पडायला लागलं. सुलू घाबरली, "मामंजी, तिखट झालं का?" मी आयेकडे बघितलं. आता ताट काढून घेते, असं वाटलं. ती म्हणाली, "सुनेच्या हातचा खातत तर खाऊंदे. माज्या हातचा अळणीच." आणि उठून गेली. सुलूने नंतर मला खोदून खोदून विचारलं तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. "काय माणसं रे तुम्ही," म्हणाली. बाबा जाईपर्यंत त्यांचं ताट तिनेच वाढलं.

बाबा गेले तेव्हा आयेने नळाखाली एक तांब्या अंगावर घेतला. एकच. "झाली आंघोळ," म्हणाली आणि आत गेली. पुढे ती गेली, विधवा गेली, विधवेची ओटी कोण भरणार? साधं पातळ नेसवून नेली.

गेल्या वर्षी सुलू गेली. शेजारच्या बायका म्हणाल्या, भाग्याची, नवऱ्याआधी सवाष्ण गेली. असलं भाग्य कुत्र्याला पण नको. त्यांनी तिला न्हाऊमाखू घालून हिरवी साडी नेसवली, मळवट भरला, आणि ओटीचं ताट आणलं. तांदूळ, पानं, सुपारी, नारळ. मी ते ताट बघितलं आणि खाणीतली ती सकाळ समोर उभी राहिली. मी नारळ उचलला. एक म्हातारी म्हणाली, "तुम्ही नका भाऊ, हे बायकांचं काम." मी ऐकलं नाही. सुलूच्या ओटीत नारळ ठेवला. तिचे दोन्ही हात धरून त्याच्यावर ठेवले, ते घसरले, परत ठेवले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून म्हणालो, कारण हळू बोलायला मला त्या घरात कोणी शिकवलंच नव्हतं.

"घे गो. तुजोच हा."